हिशेब देणारा मेंढपाळ



आमच्या सीमाभागातल्या एका धर्मग्रामात रविवारच्या मिस्सानंतर आवारात सभा भरली होती. चर्चच्या छपरासाठी घरोघरी फिरून वर्गणी जमवली होती, पण दोन उन्हाळे उलटले तरी कौले होती तशीच होती. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "बाळांनो, छपराचे पैसे किती जमले आणि ते कुठे आहेत, एवढं सांगा." त्यांनी आवाज चढवला नव्हता आणि कोणाचे नावही घेतले नव्हते. त्यावर कौन्सिलमधल्या एका मानकरी गृहस्थांनी (ते धर्मगुरू नव्हेत, तुमच्या-आमच्यासारखे प्रापंचिकच) हातातली फाइल मिटली आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात १०५व्या स्तोत्रातले अभिषिक्तांना हात न लावण्याविषयीचे वचन म्हटले. वर पुस्ती जोडली, "आजी, देवाच्या माणसांवर संशय घेणं पाप आहे. तुम्ही आपली माळ जपा." लोक हसले. आजी खाली बसल्या. पुढच्या रविवारी त्या नेहमीच्या बाकावर नव्हत्या. मागच्या दारापाशी, जिथे लोक चपला काढतात, तिथे उभ्या होत्या.

आम्ही धर्मशिक्षण देणारे तिघे त्या सभेत होतो. आम्ही हसलो नाही, हे खरे. पण आम्ही बोललोही नाही. आणि ज्या वचनाने त्या आजींचे तोंड बंद केले गेले, ते वचन त्याच वर्षी आम्ही पाचवीच्या मुलांकडून पाठ करून घेतले होते. मागचे-पुढचे काही न सांगता, एकच वचन तोडून घेतले होते.

पुढे काय झाले तेही सांगून टाकतो, नाहीतर वाचक मनात भलतीच गोष्ट रचतील. पैसे कोणी खाल्ले नव्हते. ते बँकेत मुदत ठेवीत पडून होते. कंत्राटदाराने दर वाढवला म्हणून काम अडले होते. हे सांगायला दोन मिनिटे पुरली असती. मग सांगितले का नाही? कारण विचारणे हाच अपमान वाटला. ज्याच्याकडे लपवण्यासारखे काहीच नव्हते त्यानेही लपवले. कर नाही त्याला डर कशाला, असे आपण म्हणतो. इथे कर नव्हता आणि डरही नव्हता, होता तो फक्त तोरा. आमचे भांडण ह्या तोऱ्याशी आहे. चोराला पोलीस आहेत, कोर्ट आहे. प्रामाणिक माणसाच्या तोऱ्याला मात्र आपण भक्तीचे नाव देतो आणि त्याच्यापुढे मेणबत्ती लावतो.

आधी त्या वचनाकडे पाहू. स्तोत्र १०५ उघडा आणि बाराव्या वचनापासून वाचा. ते कोणाविषयी बोलते? अब्राहाम, इसहाक, याकोब ह्यांच्याविषयी. ते तेव्हा कोण होते? मूठभर माणसे, परक्या मुलखात, स्वतःची जमीन नाही, आज ह्या राज्यात तर उद्या त्या राज्यात. आणि 'हात लावू नका' हा दम देव कोणाला भरतो? राजांना. उत्पत्तीच्या १२व्या आणि २०व्या अध्यायांत त्या गोष्टी आहेत. फारोने सारेला वाड्यात नेले, गराराचा राजा अबीमलेखाने तिला आपल्याकडे नेले. नवरा परदेशी, बळ नाही, बोलायची सोय नाही. तेव्हा देव मध्ये पडला आणि राजांना म्हणाला की ही माणसे माझी आहेत. म्हणजे हे वचन बिनजमिनीच्या, बिनआधाराच्या माणसांच्या संरक्षणासाठी आहे आणि त्याचा धाक खुर्चीवर बसलेल्यांना आहे. आपण काय केले? ते उलटे फिरवून खुर्चीवर बसलेल्यांच्या हाती दिले आणि आजींवर चालवले. त्या सभेत अब्राहामाच्या जागी कोण होते आणि फारोच्या जागी कोण, हे ज्याने त्याने ठरवावे.

कोणी म्हणेल, दावीदाने शौलाला अभिषिक्त म्हणून सोडले, ते काय? सोडले, बरोबर. एन-गेदीच्या गुहेत शौल हाती सापडला होता, तरी दावीदाने त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापून घेतला (१ शमुवेल २४). पण लोक तिथेच पुस्तक मिटतात. पुढे वाचा. दावीद गुहेतून बाहेर आला, मोठ्याने हाक मारली, जमिनीपर्यंत वाकून नमस्कार केला आणि मग तीन हजार सैनिकांच्या देखत राजाला विचारले की तू माझ्या जिवावर का उठला आहेस, लोकांच्या चुगल्यांवर विश्वास का ठेवतोस. तुझ्या-माझ्यात परमेश्वरच न्याय करो. हातात पुरावा म्हणून तो कापडाचा तुकडा धरला होता. हात लावला नाही म्हणजे जीव घेतला नाही. प्रश्न मात्र विचारला, उघड्यावर विचारला आणि पुराव्यासकट विचारला. ते ऐकून शौल रडला. आपल्याकडे प्रश्न ऐकून रडणारा पुढारी अजून दिसायचा आहे. आपल्याकडे विचारणाराच रडतो.

आणि अभिषिक्त कोण, हा प्रश्न राहतोच. बाप्तिस्म्याच्या वेळी पाण्यानंतर बाळाच्या टाळूला पवित्र तेल लावतात, ते कशासाठी? ते मूल ख्रिस्ताशी जोडले जाते. जो याजक आहे, संदेष्टा आहे, राजा आहे, त्याच्याशी. हे आम्ही बाप्तिस्म्याच्या तयारीच्या वर्गात दरवेळी शिकवतो. त्या आजींच्या टाळूलाही सत्तर वर्षांपूर्वी कोणी तरी ते तेल लावले असणार. मग हात लावला तो कोणी आणि कोणाला?

देवाच्या मनासारखा पुढारी पाहायचा तर आम्हाला शमुवेलाकडे जावेसे वाटते. कारण तो दोन्ही बाजूंना उभा राहिला. लहानपणी त्याने बड्या याजकाच्या घराचा हिशेब सांगितला आणि म्हातारपणी स्वतःचा दिला.

एलीच्या घरची कथा ठाऊक आहे, तरी ती सावकाश वाचावी अशी आहे. त्याचे मुलगे हफनी आणि फिनहास शिलो येथे याजक होते. भाविक यज्ञाचे मांस शिजवत असताना त्यांचा नोकर तीन काट्यांचा आकडा घेऊन यायचा, भांड्यात खुपसायचा आणि आकड्याला लागेल ते याजकाचे म्हणून न्यायचा. कधी तर चरबीचा होम होण्याआधीच कच्चे मांस मागायचा. एखादा साधा भाविक म्हणाला की आधी देवाचा वाटा होऊ दे, मग हवे तेवढे घे, तर उत्तर यायचे की आत्ता दे, नाहीतर जबरदस्तीने घेईन. पाहा, तो भाविक 'देऊ नको' म्हणत नव्हता. रीतीने घे, एवढेच म्हणत होता. आपल्या आजींनीही 'देणार नाही' म्हटले नव्हते.

म्हाताऱ्या एलीला सगळे कळत होते. तो मुलांना बोललाही. पण त्याने त्यांना आवरले नाही, आणि देवाचा दोष त्याच्यावर आला तो आवरले नाही म्हणून. हा निरोप पोहोचवायचे काम देवाने कोणाला दिले? मंदिरात झोपणाऱ्या एका पोराला. तो पहाटेपर्यंत पडून राहिला आणि मग उठून त्याने परमेश्वराच्या घराची दारे उघडली. आमच्या मंडळींत मिस्साची तयारी करणारे, घंटा वाजवणारे, दारे उघडणारे जे लोक आहेत त्यांना हे वाक्य फार जवळचे वाटावे. रात्री देवाचा आवाज ऐकलेला मुलगा सकाळी रोजचे काम करतो, कारण सांगायची भीती वाटते. पण एलीचा एक मोठेपणा मान्य करायला हवा. त्याने त्या पोराला 'तोंड सांभाळ' म्हटले नाही. काही लपवू नकोस म्हणून शपथ घातली, ऐकून घेतले आणि देवाला योग्य वाटेल ते तो करो म्हणाला. एली पडला, तरीही कान उघडे ठेवून पडला.

तोच पोरगा पुढे पिकल्या केसांनी गिल्गालात सगळ्या इस्राएलासमोर उभा राहतो (१ शमुवेल १२). पद सोडायची वेळ आली आहे. अशा वेळी आपल्याकडे निरोपसमारंभ होतो, शाल-श्रीफळ होते, फोटो होतात. शमुवेल काय करतो? लोकांना म्हणतो, माझ्याविरुद्ध साक्ष द्या. कोणाचा बैल मी घेतला? कोणाचे गाढव घेतले? कोणाला फसवले, कोणावर जुलूम केला, डोळेझाक करण्यासाठी कोणाच्या हातून लाच घेतली? असेल तर सांगा, परत करतो. लोक म्हणाले, काही नाही. आणि ही साक्ष कोणासमोर झाली? परमेश्वरासमोर आणि त्याच्या अभिषिक्तासमोर. नवा राजा शौल तिथे साक्षीदार म्हणून उभा होता. ज्यांना 'अभिषिक्त' हा शब्द तोंड बंद करायला लागतो, त्यांनी हे वचन जरूर पाठ करावे. इथे अभिषिक्त हिशेबाचा साक्षीदार आहे, हिशेबातून सूट मिळालेला नाही.

शमुवेलही डागाविना नव्हता बरे का. त्याचे मुलगे बैर-शेब्यात न्यायाधीश होते आणि लाच खात होते. वडील मंडळींनी रामा येथे येऊन हे त्याच्या तोंडावर सांगितले. त्याला वाईट वाटले, पण त्याने त्यांना शाप दिला नाही. तो प्रार्थनेला गेला. निरोपाच्या भाषणात त्याने मुलांचा उल्लेखही टाळला नाही.

आता कोरहाची गोष्ट. हिशेबाचा विषय निघाला की कोणी तरी गणनेचा १६वा अध्याय काढतो. कोरहाने मोशेविरुद्ध बंड केले आणि धरतीने त्याला गिळले, तेव्हा जपून! आम्ही तो अध्याय टाळत नाही. कोरहाला हिशेब नको होता, त्याला गादी हवी होती. पण त्याच अध्यायात मोशेने काय केले ते बघा. आरोप ऐकताच तो तोंडावर पालथा पडला. आणि देवाशी बोलताना म्हणाला की मी ह्यांचे एक गाढवसुद्धा घेतलेले नाही. म्हणजे बंडखोरासमोरही मोशेचा हिशेब तयार होता. गाढवापर्यंत तयार होता! धरती दुभंगली ती नंतर. आपल्या पुढाऱ्यांना धरती दुभंगण्याची घाई असते आणि गाढवाचा हिशेब मात्र आठवत नाही.

हल्ली नेतृत्वाची शिबिरे भरतात. आम्हीही दोन-तीन ठिकाणी बसून आलो आहोत. जेवण चांगले असते. पडद्यावर 'नहेम्याकडून शिकण्याचे सात गुण' असे काही येते: नियोजन, कामाची वाटणी, विरोधकांना तोंड देणे, बावन्न दिवसांत तट पुरा. हे सगळे खरे आहे. पण पाचवा अध्याय येतो तेव्हा वक्ते पुढच्या पडद्यावर जातात. पाचव्या अध्यायात तटाचे काम चालू असतानाच बायका-माणसांचा आक्रोश उठतो. शेते गहाण पडली, द्राक्षमळे गेले, कर भरायला कर्ज काढले, लेकी दासी म्हणून गेल्या, आणि हे सारे परक्यांनी नाही तर आपल्याच भाऊबंद सावकारांनी केले. नहेम्याने तट अर्धा आहे म्हणून त्यांना गप्प केले नाही. मोठी सभा बोलावली आणि सरदारांना, अधिकाऱ्यांना सर्वांसमोर जाब विचारला. आणि दहाव्या वचनात तो म्हणतो की मी, माझे भाऊ आणि माझी माणसेही पैसे आणि धान्य उसने देत आलो आहोत. हे आता आपण सोडून देऊ. राज्यपाल स्वतःला त्या यादीत घालतो. कोणत्या शिबिरात हा आठवा गुण सांगतात?

त्यानंतर तो स्वतःचा हिशेब मांडतो. अर्तहशश्त राजाच्या विसाव्या वर्षापासून बत्तिसाव्या वर्षापर्यंत, बारा वर्षे, राज्यपालाचा भत्ता घेतला नाही. आधीचे राज्यपाल अन्न, द्राक्षारस आणि वर चाळीस शेकेल रुपे उकळत. त्याच्या मेजावर दीडशे माणसे जेवत, रोज एक बैल, सहा निवडक मेंढरे आणि कोंबड्या लागत, तरी तो भत्त्याला शिवला नाही. लोकांवर आधीच ओझे फार होते म्हणून. कोंबड्यांपर्यंतचा हिशेब पवित्र शास्त्रात छापलेला आहे, आणि आमच्या सणाच्या जेवणाचा हिशेब 'अंदाजे' असतो.

शौलाचे उलट. अमालेक्यांच्या लढाईत आज्ञा मोडून आला तो वाटेत कर्मेलात स्वतःचे स्मारक उभारून आला (१ शमुवेल १५). दोष दाखवल्यावर 'पाप केले' म्हणाला खरा, पण लगेच मागणी केली ती वडील मंडळींसमोर माझा मान राख, ही. आमच्या चर्चमध्ये पंख्यांच्या पात्यांवर देणगीदारांची नावे आहेत. पंखा फिरला की वाचता येत नाहीत, एवढीच त्यातली नम्रता. बाकांवर, फरशीवर, माऊलीच्या ग्रोटोवर, कोणी किती दिले ते संगमरवरात कोरलेले आहे. किती खर्च झाले ते मात्र साध्या कागदावरही नाही.

हे काही आमच्या डोक्यातून निघालेले नाही. १९८३च्या कॅनन लॉमध्ये कलम ५३७ सांगते की प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे. पॅरिश कौन्सिल बिशपांना योग्य वाटल्यास असते आणि तिचे मत सल्ल्यापुरते असते, पण अर्थसमितीला तशी पळवाट ठेवलेली नाही. कलम १२८७ म्हणते की भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा. कलम २१२ म्हणते की आपल्या ज्ञानाप्रमाणे, आदर राखून, मंडळीच्या हिताचे मत मेंढपाळांना सांगणे हा भाविकांचा हक्क आहे, आणि काही वेळा कर्तव्यही. व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली मंडळीवरच्या आपल्या दस्तऐवजात हेच म्हटले होते. म्हणजे त्या आजींनी पाप केले नव्हते, कर्तव्य केले होते. प्रॉटेस्टंट मंडळींतले वाचक हसत असतील की आमच्याकडे तर पंच कमिटी निवडून येते. येते, पण निवडून आलेल्या पंचांनाही हेच वचन तोंडपाठ असते, असे तुमच्याच लोकांकडून ऐकतो.

आणि मराठी ख्रिस्ती माणसाने तरी प्रश्नाला घाबरू नये. आपले आद्य साहित्यच एका प्रश्नातून जन्मले. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली साष्टीत छापले गेले. त्याच्या आरंभीच एक नवख्रिस्ती विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत आम्हाला काही का देत नाही? प्रश्न अडचणीचा होता. सत्ता पोर्तुगीजांची, काळ कठीण. पाद्रींनी त्याला 'माळ जप' म्हटले नाही. हजारो ओव्या लिहिल्या.

भाषेचा विषय निघालाच आहे तर प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय उघडावा लागेल, आणि इथे आम्हाला आमच्याच लोकांशी भांडायचे आहे. यरुशलेमच्या मंडळीत कुरकुर झाली. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जात होते. हे वाटप कोणाच्या देखरेखीखाली होते? खुद्द प्रेषितांच्या. पेत्र, योहान, ज्यांनी प्रभूच्या मांडीला मांडी लावून जेवण केले ते. त्यांच्याही कारभारात चूक झाली, आणि ती भाषेच्या रेषेवर झाली. त्यांनी काय केले? 'आमच्यावर संशय?' असे म्हटले नाही. सगळ्या शिष्यांना बोलावले, सात माणसे तुम्हीच निवडा म्हणाले. निवडलेली नावे वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावे ग्रीक. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच भाषेतल्या नावांच्या माणसांच्या हाती अख्ख्या मंडळीच्या वाटपाच्या किल्ल्या दिल्या.

१९५६पासून ह्या सीमाभागात आपण मराठीवर अन्याय झाल्याचे सांगत आलो आहोत. पाट्यांवर, कचेऱ्यांत, शाळांत. ते दुःख खोटे नाही. पण जिथे चर्चमध्ये आपण बहुसंख्य आहोत, तिथे कन्नड घरांच्या म्हाताऱ्या माणसांना सणाच्या दिवशी एक शास्त्रपाठ तरी त्यांच्या भाषेत मिळतो का? कोंकणी गाणाऱ्यांना आपण कोणत्या मिस्साची वेळ देतो? पहाटेची. कौन्सिलच्या यादीत त्यांची किती नावे आहेत? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय सरकारने केला की मोर्चा आणि आपण केला की परंपरा. आम्ही स्वतः मराठीचे वेडे आहोत, बी. ए. मराठी घेऊनच केले. म्हणूनच हे लिहिताना हात जड झाला. तरी लिहिले.

एक आक्षेप मात्र आम्हाला खरेच विचार करायला लावतो. वडीलधारी माणसे म्हणतात, "बाहेर आधीच ख्रिस्ती लोकांकडे बोट दाखवणारे कमी आहेत का? घरातलं घरात ठेवा. झाकली मूठ सव्वा लाखाची." ह्या म्हणण्यात भीती आहे आणि ती भीती आम्हालाही आहे. पण पवित्र शास्त्राने कोणती मूठ झाकली? दावीदाचा व्यभिचार आणि उरियाचा खून, नाथानाने तोंडावर केलेला आरोप, पेत्राने तीनदा नाकारणे, यहूदाच्या हाती असलेली पैशांची थैली, सगळे लिहून ठेवले, आणि तेही मोठ्याने वाचले जाते. पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेत होता तेव्हा त्याने एकट्याने थैली उचलली नाही. मंडळ्यांनी निवडलेला भाऊ बरोबर घेतला आणि करिंथकरांना लिहिले की एवढ्या मोठ्या रकमेवरून कोणी आम्हाला नाव ठेवू नये म्हणून ही काळजी आहे. देवापुढेच नव्हे, माणसांपुढेही जे योग्य ते करायचे आहे (२ करिंथ ८). पौलाला देवाचा साक्षात्कार झाला होता. तरी त्याला साक्षीदार लागला. आणि आमच्याकडे देणगीची पेटी एकाच माणसाने, एकाच खोलीत, दार लावून मोजायची पद्धत अजून आहे. बाहेरचा माणूस बोट दाखवतो ते बहुधा अशा बंद दाराकडेच.

विचारणाऱ्यांनाही दोन शब्द, कारण आपण काही सोन्याचे नाही. निनावी पत्रे बिशपांना पाठवणारे, चहाच्या टपरीवर फादरांचे वाभाडे काढून आत आल्यावर हात जोडणारे, मोबाइलवरच्या गटात आडून बोलणारे, हे नाथानाचे वारस नव्हेत. प्रभूने मत्तयच्या अठराव्या अध्यायात आधी एकट्याने जाऊन सांग म्हटले आहे. पौलाने अंत्युखियात पेत्राला विरोध केला तो तोंडावर, कारण पेत्र विदेश्यांच्या पंगतीतून उठून गेला होता आणि ते सर्वांनी पाहिले होते. जे उघड झाले ते उघड बोलला, स्वतःच्या नावाने बोलला. आणि मंडळीने दोघांचा सण एकाच दिवशी, २९ जूनला ठेवला.

शिवाय योथामाची झाडे. शास्त्यांच्या नवव्या अध्यायात झाडे राजा शोधायला निघतात. जैतून म्हणतो माझे तेल सोडून कशाला येऊ, अंजीर म्हणते माझा गोडवा, द्राक्षवेल म्हणते माझा रस. शेवटी काटेरी झुडूप म्हणते, या, माझ्या सावलीला बसा. काटेरी झुडपाला कसली सावली? पण सावली देतो म्हणायला दुसरे कोणी तयार नव्हते. आमच्या धर्मग्रामात बँकेत आयुष्य घालवलेले लोक आहेत, निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, दुकानाची वही तोंडपाठ असलेले व्यापारी आहेत. निवडीच्या दिवशी सगळे 'नको बाबा, वेळ नाही' म्हणतात आणि वर्षभर काट्यांची तक्रार करतात. मागे एकदा आम्हालाही अर्थसमितीत बोलावले होते. आम्ही म्हणालो, धर्मशिक्षणाचे वर्ग आहेत, जमणार नाही. वर्ग शनिवारी होते आणि समिती महिन्यातून एकदा बसत होती. आजींनी प्रश्न विचारला तेव्हा त्याचे उत्तर खरे तर आम्हाला ठाऊक असायला हवे होते.

येत्या वार्षिक सभेसाठी आम्ही लेखी अर्ज दिला आहे, खाली तिघांच्या सह्या आहेत. छपराच्या निधीची जमा आणि मुदत ठेव दाराजवळच्या फलकावर लावावी, मराठी, कोंकणी आणि कन्नड तिन्हीत. पेटी मोजताना तीन माणसे असावीत आणि त्यातले एक कौन्सिलबाहेरचे असावे. अर्थसमितीत ह्या वेळी आमचे नाव घालावे. आमच्या फादरांनी अर्ज वाचला, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "कन्नड मजकूर कोणाकडून लिहून घेणार?" आम्ही नाव सांगितले.

त्याआधी, परवा, आम्ही तिघे आजींच्या घरी गेलो होतो. सभेत गप्प बसलो ते चुकले, असे म्हणालो. त्यांनी ऐकले, चहा दिला आणि विचारले, "ते जाऊ दे, पैसे आहेत ना?" आहेत म्हणालो, आकडाही सांगितला. पाचवीच्या वर्गाला ते स्तोत्र आम्ही पुन्हा शिकवायला घेतले आहे, पहिल्या वचनापासून. गेल्या शनिवारी बाराव्या वचनापर्यंत आलो.